टिंबाची जागा

११ जानेवारी

बारक्या,

मायन्यात आशीर्वाद घालायची माझी छाती होत नाही, म्हणून नुसती हाक मारली. मोठं नाव घालून लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, कोर्टाचाच कागद आला.

तुला आत जाऊन एक वर्ष आणि सात महिने झाले. तेवढ्यात तू आईला नऊ पत्रं लिहिलीस, मला एकही नाही. आईला आता अक्षर दिसत नाही, ती पत्रं मीच वाचून दाखवते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. तरी त्यात माझी साधी चौकशी नसते. मागच्या पत्रात लिहिलंस, 'घरातली इतर मंडळी बरी असतील.' घरात आई सोडली तर मी एकटी आहे, बारक्या. एका माणसाची मंडळी होत नाही. तुझी पत्रं वाचताना मी सवयीने स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने म्हणते. आई वैतागते, "अगं, तो काय म्हणतो ते वाच. त्याचे विराम कशाला वाचतेस मेले?"

तुमच्याकडे येणारं पत्र आधी एक साहेब वाचतात, असं तूच आईला कळवलं होतंस. तेव्हा साहेबांनाही नमस्कार. तेही आमच्याच धंद्यातले. आम्ही चुकीचं खोडतो आणि ते बरोबरचं, एवढाच फरक. हे वाक्य खोडलेलं दिसलं तर माझं म्हणणं खरं निघालं असं समज.

छापखाना आहे तिथेच आहे. खोकल्याच्या औषधाचं ते पत्रक, ज्याच्यापायी तू आत गेलास, त्यानंतर वर्षभर कोणी काम देईना. औषधवाल्यांना समज मिळाली, मालकांना दंड झाला आणि तुला तीन वर्षं. आता मालकांनी एक मोठं काम मिळवलंय, ज्यूंच्या जुन्या हिब्रू धर्मग्रंथांचा आपल्या भाषेतला अनुवाद. अकराशे पानं. अनुवादक एक म्हातारे गृहस्थ आहेत, कानात केस, कोटाला तीनच बटणं. मजकुरापेक्षा तळटिपा जास्त, म्हणून अक्षरजुळणीवाल्यांनी त्यांचं नाव 'तळटीप' पाडलंय. मी काका म्हणते. त्यांचं अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही, म्हणून मूळ प्रत तेच मोठ्याने वाचतात आणि मी प्रूफावर ओळीखाली पट्टी सरकवत ताडून पाहते. तुझ्या खुर्चीवर मालकांनी कागदाचे गठ्ठे ठेवलेत, म्हणून काकांना स्टूल दिलंय.

पहिल्याच पानावर काका वाचता वाचता 'टिंब' म्हणाले आणि माझा हात थांबला. मी म्हटलं, "आमच्याकडे टिंब म्हणत नाहीत. वाक्य संपलं तर पूर्णविराम म्हणायचं, अक्षराच्या डोक्यावर असेल तर अनुस्वार, आणि आकड्यात असेल तर दशांश."

"एवढी शिस्त?"

"नियमच आहे," मी म्हटलं. तो कधीपासून पाळायला लागलो ते काही मी सांगितलं नाही.

आई बरी आहे. मी आहे.

ताई

२ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे. पण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि छापखान्यात ती कळेल असं तुझ्याशिवाय कोणी नव्हतं.

काकांनी मला शब्दांची एक यादी दिली आहे. डावीकडे हिब्रू शब्द, उजवीकडे त्यांनी योजलेला आपला शब्द. एका शब्दाला एकच अर्थ सगळीकडे आलाय ना, ते मी पाहायचं. परवा एक घोळ सापडला. एका पानावर 'तो माणूस आपलं पाप वाहील' आणि दुसऱ्या पानावर 'देव पापाची क्षमा करतो'. यादीत पाहावं तर दोन्हीकडे मूळ शब्द तोच. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि काकांना म्हटलं, "दोन्हींतलं एक काय ते ठरवा. एकाच शब्दाने पाप वाहायचंही आणि माफही करायचं, असं कसं चालेल?"

काका हसले. चष्मा काढून धोतराला पुसतात तसा कोटाला पुसला आणि म्हणाले, "चूक नाही ती. त्या शब्दाचा अर्थ उचलणं. माणूस पाप करतो तेव्हा ते तो उचलतो. देव क्षमा करतो तेव्हा देव ते उचलतो. क्रियापद एकच, खांदा बदलला."

"म्हणजे पाप जातं कुठे?"

"जात नाही. कोणाच्या तरी अंगावर असतंच."

मग त्यांनी तो शब्द मला कागदावर काढून दाखवला. तीन अक्षरं. मधल्या अक्षराला तीन दांडे असतात आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब. ते टिंब डाव्या दांड्यावर असलं तर शब्द होतो 'उचललं'. उजव्या दांड्यावर पडलं तर तीच तीन अक्षरं, पण धातू निराळा आणि अर्थ 'फसवलं'. मी विचारलं, "आणि जुन्या, हाताने लिहिलेल्या गुंडाळ्यांत?" काका म्हणाले, "जुन्या गुंडाळ्यांत टिंबं नव्हतीच मुळी. ती फार मागाहून आली. तोवर वाचणाऱ्याने आपल्या अकलेने वाचायचं."

मला पुढचं पान धरवेना. काकांना वाटलं डोळे दुखले असतील. त्यांनी मला खिशातली खडीसाखर दिली.

माणूस किती हलकट असतो बघ. आपला भाऊ वर्ष-दीड वर्ष गजाआड बसलाय तेव्हा झोप लागते, आणि एक टिंब पाहून रडू येतं. तू जे उचललंस ते कोणाचं, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. साहेब, ही घरगुती बाब आहे, पुढे सरका.

तुझी म्हणवून घेणारी,
ताई

२३ फेब्रुवारी

बारक्या,

त्या दिवसाबद्दल मी आजवर कोणाशी धड बोललेली नाही. आजही सगळं लिहीन असं वचन देत नाही.

पत्रक चार बोटांचं. औषधवाल्यांकडून हाताने लिहिलेली प्रत आली होती. तू वाचत होतास, मी पट्टी धरून होते. प्रतीत लिहिलं होतं, 'दिवसातून तीन वेळा .५ मिली'. आधी शून्य लिहायचा कंटाळा केलेला. तू वाचलंस, "तीन वेळा टिंब पाच मिली." जुळणीत ते टिंब एक जागा अलीकडे सरकलं होतं आणि 'वेळा'ला चिकटून बसलं होतं. 'तीन वेळा. ५ मिली.' मी टिंब ऐकलं, टिंब पाहिलं आणि पट्टी खालच्या ओळीवर घेतली. परक्याला हे सांगून पटायचं नाही. त्याला वाटेल, टिंब गळलं असेल. गळलं असतं तर मी डोळे मिटून पकडलं असतं. ते होतं. एक जागा अलीकडे होतं.

अर्ध्याचे पाच झाले. दहापट. आठ महिन्यांच्या मुलीला तिच्या आईने पत्रक वाचून, मापाने, रोज तीन वेळा दिलं.

आकड्यांचं काम दोनदा वाचायचं आणि दुसऱ्यांदा जागा बदलायच्या, हे आपण दोघं वडिलांच्या हाताखाली शिकलो. दुसऱ्यांदा मी वाचायचं, तू पट्टी धरायची. प्रूफाच्या तळाशी दर वाचनाच्या दोन, अशा चार सह्या. कोर्टात त्या चार सह्यांवरच सगळं ठरलं. शेवटची पट्टी ज्याची, जबाबदारी त्याची. आणि शेवटची सही तुझी होती. एवढंच आज लिहिते.

आज काकांनी राजाची गोष्ट वाचली. राजाने दुसऱ्याची बायको घरात आणली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मुद्दाम पुढे उभं करून मारवलं. देवाचा माणूस येऊन त्याच्या तोंडावर त्याचं पाप ठेवतो. राजा कबूल करतो. मूळ भाषेत फक्त दोन शब्दांत, असं काका म्हणाले. कबुली संपते न संपते तोच उत्तर येतं, देवाने तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. आणि लगेच पुढे, मात्र तुझं तान्हं मूल मरेल. ते सातव्या दिवशी मरतं.

काकांनी वाचलं, "तू मरणार नाहीस अर्धविराम."

मी म्हटलं, "काका, इथे पूर्णविराम घाला. क्षमा तरी पुरती होऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे."

"मुळात तशी सोय नाही. एकाच दमात आहे सगळं."

"त्या लेकराने काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

काकांनी ओळीवरचं बोट उचललं. मग पान माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तीस वर्षं या पानापाशी येऊन अडतोय. बघ, सबंध ग्रंथात या एका पानाला तळटीप नाही."

खरंच नव्हती. मी त्या पानावर सही केली आणि मुतारीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. आता हसू नकोस.

ताई

९ मार्च

साहेब,

हे पत्र आधी तुमच्याच हातात पडणार, म्हणून मायना तुमचाच. कृपा करून यातलं काही खोडू नका. वाचून झालं की वरच्या अधिकाऱ्यांना दाखवा आणि मग ज्याचं त्याला द्या.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्रूफावरची चौथी सही तुमच्या कैद्याची नाही. ती मी केली आहे.

बारक्या, आता तुझ्याशी बोलते. काल काकांनी नियमांचा भाग वाचला. कोणी शेजाऱ्याला लुबाडलं आणि वर खोटं बोललं, तर त्याने काय करायचं ते त्यात आहे. आधी ज्याचं त्याला परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालून द्यायचं. मग बळीचा मेंढा घेऊन वेदीपाशी जायचं. मग क्षमा. काका स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणत शांतपणे वाचत गेले. मी विचारलं, "आणि थेट वेदीपाशीच गेलं तर?" ते म्हणाले, "तर मेंढा फुकट गेला."

म्हणून लिहिते. त्या दिवशी पहिलं वाचन झाल्यावर तू उठलास आणि म्हणालास, "ताई, जागा बदल. आकडे आहेत." मला उशीर होत नव्हता, कोणी आजारी नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. असं काहीतरी कारण असावं म्हणून मी खूप आठवून पाहिलं, पण नव्हतं. मला फक्त राग आला. चार ओळींच्या चिठोऱ्यासाठी धाकटा भाऊ मला जागा बदलायला सांगतो! मी म्हटलं, "पंधरा वर्षांत माझ्या हातून वेलांटीसुद्धा सुटलेली नाही. तू शाळेत होतास तेव्हापासून मी पट्टी धरते आहे. मला शिकवतोस?" तू म्हणालास, "नियम वडिलांचा आहे, माझा नाही." मी म्हटलं, "मग वडिलांकडेच जा." वडील जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. तू दार आपटून जिना उतरलास. मी तिसरी सही माझी केली आणि चौथी तुझी. तुझ्या सहीतला तो वाकडा फराटासुद्धा हुबेहूब काढला. मला गंमत वाटली, बारक्या. जिरवली याची, असं वाटलं.

पुढे कोर्टात तो कागद तुझ्यापुढे धरला आणि विचारलं, "ही सही तुमची?" तू कागदाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी माझ्या चपलांकडे पाहत होते. तू म्हणालास, "माझी." मला वाटलं, थोडा दंड होईल, मी भरीन आणि विषय संपेल. तीन वर्षं म्हटल्यावर उठून उभी राहायला हवी होती. राहिले नाही. खुर्ची मऊ नव्हती, कोणी धरून ठेवलं नव्हतं. घाबरले, दुसरं काही नाही.

मी माफी मागत नाही. उद्या पोलिसात जाते.

ताई

३० मार्च

बारक्या,

पोलिसात गेले. जबाब दिला. लिहून घेणाऱ्याने मध्येच टाक थांबवला आणि म्हणाला, "बाई, बहीण असावी तर अशी." मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्याने मला पाणी दिलं आणि बाकावर जागा करून दिली. कोर्टातल्या वकिलांनी समजूत घातली, "भावासाठी जीव तुटतो हे दिसतंय. पण त्याने भर कोर्टात कबूल केलंय. तोच अर्ज करून नाही म्हणाला तर सह्या तपासता येतील. तुमच्या नुसत्या म्हणण्याने काही होत नाही." मालकांना कळलं. त्यांनी सगळ्या छापखान्याला माझं उदाहरण दिलं! जुळणीवाले येऊन पाया पडायचे तेवढे राहिलेत. दोन वर्षं खोटं बोलले तेव्हा कोणी संशय घेतला नाही आणि खरं बोलले तर माझी आरती चाललीय. असली फजिती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तुमच्या साहेबांकडूनही उत्तर आलं. तुला बोलावून विचारलं आणि तू सांगितलंस, सही माझीच आहे. का सांगितलंस? आता कोणाला वाचवतोस? मी भरल्या रस्त्यात उभी राहून ओरडते आहे की मीच ती, आणि तू आतून माझं तोंड दाबतोस.

मग मी त्या मुलीच्या आईकडे गेले. पत्ता कोर्टाच्या कागदावर होता. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन. ती उशांचे अभ्रे शिवते, शंभरच्या गठ्ठ्याने. मी कोण ते तिला आठवलं. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, टिंब, भांडण, सही. ती शिवत राहिली. शिवण संपली, दोरा दाताने तोडला, अभ्रा उलटा करून टोकं बाहेर काढली आणि मग बोलली.

"खरं बोलतेस," म्हणाली. "खोटं बोलणारी असली फालतू कारणं सांगत नाही. म्हणे राग आला!"

"हो."

"दोन वर्षं रोज उठले की तुझ्या भावाला शिव्या घालते. चूल पेटवायच्या आधी. त्याचे हात झडोत, त्याला तहानेला पाणी न मिळो. एक दिवस चुकवला नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी जगले, कळलं? आणि तू आज येऊन सांगतेस की माणूस चुकला."

मी म्हटलं, "मला घाला."

"तुझ्या सोयीने?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "चमचा माझ्या हातात होता. तुला एकदा राग आला, मी नऊ वेळा औषध पाजलं. तीन दिवस. ती तोंड फिरवायची, मी नाक दाबून पाजलं. त्याची सही कुठल्या कागदावर आहे, सांग."

 मी तिच्या पायांपाशी वाकले तर तिने पाय मशीनच्या आत ओढून घेतले. म्हणाली, "माफी देवाकडे माग. त्याला मूल गेलेलं नाही. मला काम आहे."

काकांना हे सगळं सांगितलं. वाटलं, ते ग्रंथातलं एखादं वचन काढतील. काका म्हणाले, "बाई बरोबर बोलली." आणि पुढचं पान घेतलं.

ताई

१९ एप्रिल

बारक्या,

आईला सांगितलं. तिला दाणे सोलायला दिले होते, ती सोलत होती. सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल, मारेल, निदान 'कार्टे' म्हणेल. म्हणाली, "मग त्याला कधी सोडतील?" मी म्हटलं, तो सही आपलीच म्हणतो, त्याने नाही म्हटल्याशिवाय सुटत नाही. "मग त्याला लिही," म्हणाली. माझं काय होईल ते विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्या हातचं खाते, पण माझ्याबरोबर बसून खात नाही. आपलं ताट घेऊन खिडकीपाशी जाते. डोळ्यांना दिसत नाही तरी बरोबर खिडकीपाशी जाते.

मी मागण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी मागते. तू अर्ज कर. 'चौथी सही माझी नाही', एवढं एक वाक्य. मी माफी मागत नाही, ती मागायला माझ्याकडे तोंड नाही. पण माझं जे आहे ते मला परत दे. तू ते उचललंस म्हणून मी हलकी झाले असेन असं तुला वाटत असेल तर ऐक. मला रोज सकाळी हात धुताना तुझा तो फराटा दिसतो. माझ्या हाताला तो अजून येतो. परवा चुकून काकांच्या प्रूफावर माझ्या सहीऐवजी तुझी सही काढली, पुरी, फराट्यासकट. काकांनी पाहिली. नवं प्रूफ काढून आणायला सांगितलं.

तू खरंच माझ्यासाठी हे केलं असशील तर आता ते थांबव. आणि मला शिक्षा म्हणून केलं असशील तर ती पुरेशी झाली. नाही, झाली नाही. ती मला नीट भोगू दे.

काल काकांना विचारलं, "देवाने मला क्षमा केली हे मला कळणार कसं?" ते म्हणाले, "कबुली दिल्यावर राजाला लगेच कळलं होतं. त्याने त्याचं काही सोपं झालं नाही." असं उत्तर देणारा माणूस धर्मग्रंथाचा अनुवाद कशाला करतो देव जाणे.

तुझीच नशीबखोटी बहीण,
ताई

४ मे

ताई,

सहाही पत्रं मिळाली. साहेबांनी दोनच वाक्यं खोडलीत, दोन्ही त्यांच्यावरची. बाकी सगळं वाचता आलं.

तुला उत्तर लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. पण त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं पत्र आलं. एका ओळीचं. 'रोज सकाळी कोणाचं नाव घेऊ ते खरं सांग.' तुला मी नाही म्हणू शकत होतो, त्यांना म्हणता येईना. काल अर्ज केला. चौथी सही माझी नाही, असं लिहून दिलं. सह्या तपासायला पाठवल्यात. वकील म्हणतात, अडीच-तीन महिने जातील. तुला बोलावणं त्याच्या आधीच येईल, तयारीत राहा. इथे सकाळी फार गार असतं, लोकरीचं काहीतरी घे. चष्म्याच्या दोन जोड्या करून ठेव, इथे दुरुस्त करून मिळत नाही.

आता माझं. तू सगळ्या पत्रांत लिहिलंस की मी तुझं उचललं. ताई, तुझं मी उचललेलं नाही, तुझ्या त्याला मी हातसुद्धा लावला नाही. त्या दिवशी दार आपटून निघालो आणि जिन्यात तिसऱ्या पायरीवर मला आठवलं की मी दशांश म्हणालो नव्हतो, टिंब म्हणालो होतो. आणि प्रतीत टिंबाच्या आधी शून्य नव्हतं. मी तिथे उभा राहिलो. आठवत होतं की तिथे काहीतरी घोटाळा होऊ शकतो. तीन पायऱ्या वर चढायच्या होत्या. पण तू वडिलांचं बोलली होतीस. मी म्हटलं, 'मरू दे.' होऊ दे एकदा हिची चूक, बघू दे सगळ्यांना. आणि खाली जाऊन चहा प्यायलो.

मरू दे, असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. बस चुकली, मरू दे. बटण तुटलं, मरू दे. मीही तसंच म्हटलं. कोर्टात तो कागद माझ्यापुढे धरला तेव्हा सही कोणाची आहे ते मी पाहिलंच नाही. मला माझे ते दोन शब्द ऐकू आले आणि मी म्हटलं, माझी. तुझ्याकडे पाहिलं ते तुला वाचवावं म्हणून नाही. तुला ते ऐकू गेले की काय, ते बघत होतो.

त्या बाईंनाही हे कळवलं. दोन्ही नावं लिहिली, तुझं आणि माझं. आता त्यांनी कोणाचं घ्यायचं ते घ्यावं. चमच्याचं तू लिहिलंस ते वाचून मी दोन दिवस जेवलो नाही.

माफी मागत नाही असं तू दोनदा लिहिलंस, म्हणजे मागतेसच. तर ऐक. रोज सकाळी मी तुला माफ करतो. रांगेत उभा असतो तेव्हा करतो, मनापासून करतो. दुपारच्या जेवणापर्यंत टिकते. मग तू चपलांकडे बघत होतीस ते आठवतं आणि सगळं जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा करतो. तुझ्या काकांना विचार देवाचं कसं असतं. माझं असं आहे.

आईचं मी बघेन. तिला सांग, ताट घेऊन खिडकीपाशी जायचं नाही, तू आत जाईपर्यंत तुझ्याबरोबर बसायचं. मी सांगितलंय म्हणून सांग.

तुला भेटायला येईन. पहिल्या महिन्यात नाही.

बारक्या